कलामसाहेबांचे उस्ताद : प्रा. ब्रह्मप्रकाश



डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात सापडणार नाही. पण कलामसाहेब ज्यांना आपले गुरू मानीत, त्या प्रा. ब्रह्मप्रकाश यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? म्हणून या अंकात त्यांची ओळख करून देत आहे.

ब्रह्मप्रकाश यांचा जन्म १९१२ साली लाहोर येथे झाला. शिक्षणही तेथेच झाले. विषय रसायनशास्त्र, आणि डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. डॉक्टरेट पदरात पडली. एवढ्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. आपल्याकडे तर नोकरी लागली की पुस्तके माळ्यावर जातात! ब्रह्मप्रकाश यांनी मात्र तिशी उलटल्यावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पुन्हा विद्यार्थी म्हणून नाव घातले, तेही धातुशास्त्र या वेगळ्याच विषयासाठी. ते तिकडे शिकत असताना १९४७ साली फाळणी झाली आणि त्यांचे जन्मगाव परक्या देशात गेले. १९४९ मध्ये दुसरी डॉक्टरेट मिळाली, तेव्हा वय छत्तीस-सदतीस होते.

१९५१ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. या पदावरील ते पहिले भारतीय. तोवर हा विषय म्हणजे बहुतांशी भट्टी आणि ओतकाम यांची माहिती, असा समज होता. आपल्या गावचा लोहार विळ्याला पाणी देतो. त्याने पाते कठीण होते हे तो अनुभवाने जाणतो. पण ते का होते? लालभडक पोलाद एकदम थंड केले की आतील अणूंना नेहमीची मांडणी घेण्यास अवधी मिळत नाही; निराळीच, ताठरलेली मांडणी तयार होते. हा 'का' शिकविण्यावर प्राध्यापकांनी भर दिला. आज ज्याला मटेरियल्स सायन्स म्हणतात, त्याचा पाया हाच आहे. आपल्या मुलांना डॉक्टरी व इंजिनिअरिंगपलीकडे शाखा दिसत नाहीत, त्या पालकांनी या विषयाची निदान चौकशी तरी करावी.

१९५७ साली ते अणुशक्ती खात्यात मुंबईजवळ तुर्भे येथे परतले. अणुभट्टीतील इंधन ज्या नळ्यांत भरतात त्या झिर्कोनियम या धातूच्या मिश्रणाच्या असतात, कारण तो न्यूट्रॉन फारसे शोषून घेत नाही. हा धातू आपल्या केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडतो. पण त्याच्याबरोबर हाफ्नियम नावाचा धातू मिसळलेला असतो, आणि तो न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो. गुणधर्मांत दोघे सख्ख्या भावांसारखे. त्यांना वेगळे करणे महाकठीण. हे तंत्र येथेच विकसित करण्यात ब्रह्मप्रकाश यांचा मोठा वाटा होता. हैदराबादचा न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स हा कारखाना त्याच कामातून उभा राहिला. पद्मश्री, पद्मभूषण हे मान यथाकाल मिळाले.

१९७२ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांच्यावर थुंबा येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या पहिल्या संचालकाची जबाबदारी आली. एस.एल.व्ही.-३ या अग्निबाणाचे प्रकल्पप्रमुख कलामसाहेब होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून तो उडाला आणि ३१७ सेकंदांनी समुद्रात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठी लागणारे आम्ल गळून गेले होते. अनेक वर्षांची मेहनत पाण्यात गेली! आपल्या घरात मुलगा एकदा नापास झाला की काय काय बोलले जाते, ते आठवून पुढचे वाचा.

थकलेले कलामसाहेब खोलीत जाऊन झोपले. संध्याकाळच्या सुमारास जाग आली, तेव्हा उशाशी ब्रह्मप्रकाश बसलेले होते. त्यांनी ना जाब विचारला, ना उपदेश केला. जेवायला चला, एवढेच म्हणून ते त्यांना सोबत घेऊन गेले. हा प्रसंग कलामसाहेबांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

त्याच वर्षी ब्रह्मप्रकाश संचालकपदावरून निवृत्त झाले. १८ जुलै १९८० रोजी त्याच अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचविला. १९८४ च्या जानेवारीत ब्रह्मप्रकाश यांचे निधन झाले. कलामसाहेब त्यांच्या वर्गात कधीही बसलेले नव्हते. तरीही आपल्या गुरूंची नावे घेताना ते विक्रम साराभाई आणि सतीश धवन यांच्याबरोबर ब्रह्मप्रकाश यांचे नाव घेत.