श्वासाचे मोजमाप घेणारे स्वामी कुवलयानंद

प्राणायामाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, हे विधान योगवर्गांत आजही सर्रास कानी पडते. ते नाकारणारे कुणी योगाचे टीकाकार नव्हते. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनीच ९०हून अधिक वर्षांपूर्वी ते बाजूला सारले होते.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदा संस्थानातील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावले, नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले आणि अंमळनेरला अध्यापन केले.

गुरूंवर पूर्ण श्रद्धा असूनही क्रियांचे कारण समजल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. १९२०-२१च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौलीची क्ष-किरण तपासणी केली. पुढे, नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. बस्तीत पाणी आपोआप आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. त्या निर्वाताला त्यांनी माधवदासजींचेच नाव दिले. १९२४ मध्ये कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिक सुरू झाले.

खरी कसोटी प्राणायामाच्या वेळी होती. जादा ऑक्सिजनचा दावा लोकांना पटणारा आणि प्रचाराला सोयीचा होता. मात्र श्वासातील वायूंची मोजणी केल्यावर तो टिकेना. प्राणायामाचे मोल ऑक्सिजनमध्ये नाही, तर मज्जासंस्थेला व श्वसनाच्या स्नायूंना लागणाऱ्या वळणात आहे, असे त्यांनी १९३१च्या ‘प्राणायाम’ या इंग्रजी पुस्तकात मांडले. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेही ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भारलेले असते, हे आता सर्वमान्य आहे. संथ, दीर्घ रेचकाने व्हेगस मज्जातंतूद्वारे हृदयाची गती मंदावते, हेही शरीरशास्त्र सांगते.

येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन त्यांच्याकडे शिकून गेले. त्यांच्या मोजणीत मात्र उज्जायी करताना ऑक्सिजनचा वापर २४.५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आकड्यांचा हा वाद पुढेही चालला, आणि तो प्रयोगशाळेत चालला, हे स्वामींच्या मनासारखेच होते. नवशिक्यांनी कुंभकाची घाई करू नये, याबाबत मात्र ते काटेकोर असत. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘योगमीमांसा’ अजूनही निघते.