भारताचे एडिसन आणि आमचे पापड

आमच्या रिठदच्या बचत गटातल्या आम्ही अकरा जणींनी कर्ज काढून पापड-कुरडयांचं काम सुरू केलं. माल झकास झाला. पण रिसोडला नेला, तर दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक नावाचं पाकीटच मागतं. पिशव्या तशाच परत आणल्या. रात्री मुलगा समजूत काढू लागला. म्हणे, गाणी ऐकायच्या आयपॉडसमोर 2006 साली मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनं झून आणला, तोही 2011 मध्ये गुंडाळावा लागला. मला मात्र आठवले शंकर आबाजी भिसे.

भिसे 1867 साली मुंबईत जन्मले. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून गॅस तयार केला! पुढे सरकारी हिशेब खात्यात नोकरी धरली, पण डोक्यात यंत्रंच फिरायची. वाण्याच्या दुकानात माल आपोआप मोजून देणारं यंत्र त्यांनी आखलं आणि लंडनच्या एका मासिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. मग धीर करून ते लंडनला गेले. तिथं दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे भिसोटाइप. त्या काळी छपाईसाठी शिशाचे खिळे ओतावे लागत. या धंद्यात लायनोटाइप आणि मोनोटाइप या परदेशी कंपन्यांचं राज्य होतं. भिसेंनी मिनिटाला 1200 खिळे ओतील असं यंत्र आखलं. ते होणं शक्य नाही, असं तिथल्या इंजिनिअरांना वाटलं. त्यांनी ते करून दाखवलं. पण पैसा घालायला कोणी पुढं येईना, कारण समोर एवढे बलाढ्य प्रतिस्पर्धी! 1907 मध्ये ठरलेलं भांडवलही ऐन वेळी हुकलं. निराश होऊन 1908 मध्ये ते मायदेशी निघाले, तर बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांमुळे सर रतन टाटांची ओळख झाली आणि 1910 मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. तेवढ्यात महायुद्ध आलं अन् तेही बंद पडलं.

दुसरा कोणी घरी बसला असता. भिसे अमेरिकेला गेले. तिथं यंत्र नव्यानं, अधिक सोपं करून बनवलं आणि त्यासाठी स्वतःची कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांना ते हटवू शकले नाहीत. पण सगळा जीव त्यांनी एकाच यंत्रात अडकवला नव्हता. आयोडिनपासून केलेल्या ॲटोमिडिन या औषधानं त्यांना हात दिला. 1930 मध्ये खुद्द एडिसनची भेट झाली. लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणू लागले. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. आज मात्र हे नाव किती जणींना ठाऊक आहे?

माल चांगला असला म्हणजे तो आपोआप खपतो, असं नाही. त्याला भांडवल लागतं, माणसं लागतात आणि चिकाटीही लागते. दुसऱ्या दिवशी आम्ही गटाची बैठक घेतली. दुकानाच्या फळीवर जागा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर आठवडी बाजारात शेगडी मांडायची, पापड भाजून चाखायला द्यायचे आणि सुटे विकायचे, असं ठरलं. सोबत शेवयाही ठेवल्या आहेत. कर्जाचा पुढचा हप्ता भरायचाय ना!