पाणबुडीला दोन इंजिने देणारा शिक्षक

पाण्याखालून जाणाऱ्या बोटीचे स्वप्न जॉन फिलिप हॉलंड यांच्याआधीही अनेकांनी पाहिले होते. ते नौदलाच्या नित्य सेवेत उतरले ते मात्र या आयरिश शाळामास्तरामुळे.

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील लिस्कॅनर या किनाऱ्यावरील गावी १८४१ साली हॉलंड यांचा जन्म झाला. तरुणपणी कॉर्क येथे अध्यापन करीत असतानाच त्यांना पाणबुडीच्या कल्पनेने झपाटले. १८७३ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन येथे पुन्हा शिक्षकी करू लागले. १८७५ मध्ये त्यांनी पाठविलेला आराखडा अमेरिकी नौदलाने फेटाळला. तेव्हा मदतीला आले ते ब्रिटिश सत्तेविरुद्ध झुंजणारे फेनियन क्रांतिकारक. त्यांच्या पैशातून १८८१ मध्ये ‘फेनियन रॅम’ पाण्यात उतरली. पण पैशांचा वाद होऊन १८८३ मध्ये त्यांनीच ती पळवून नेली.

हॉलंड यांच्यापुढील मुख्य अडचण हवेची होती. इंजिनाला हवा लागते आणि बंद बोटीत ती माणसांनाच जेमतेम पुरते. नौदलाच्या आग्रहाने बांधलेल्या ‘प्लंजर’मध्ये वाफेचे इंजिन होते, त्याच्या बॉयलरची उष्णता आत असह्य झाली. हॉलंड यांनी त्याच सुमारास आपल्या मनाप्रमाणे दुसरी बोट बांधली. १७ मे १८९७ रोजी पाण्यात उतरलेल्या, सुमारे १६ मीटर लांबीच्या या बोटीत पृष्ठभागावरील प्रवासासाठी ४५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि पाण्याखाली बॅटरीवर चालणारी विद्युत मोटर होती. पृष्ठभागावर असताना इंजिनच बॅटरी भारित करी. अमेरिकी नौदलाने ती १९०० मध्ये दीड लाख डॉलरना विकत घेतली.

तिच्या मर्यादाही मोठ्या होत्या. वेग ताशी जेमतेम सहा नॉट. पेरिस्कोप नसल्याने दिशा पाहण्यासाठी वारंवार वर यावे लागे. बॅटरी संपली की पाण्याखालचा प्रवासही संपे. सर्वांत घातक होती पेट्रोलची वाफ. हॉलंड यांच्याच रचनेतून विकसित झालेल्या ब्रिटिश ‘ए-५’ पाणबुडीत फेब्रुवारी १९०५ मध्ये तिचा स्फोट होऊन सहा जण दगावले. तोही हॉलंड जिथे शिकवीत त्या कॉर्क परगण्यातील क्वीन्सटाउन बंदरात. सहजी पेट न घेणाऱ्या इंधनावरील डिझेल इंजिनाने हा धोका पुढे दूर केला. फ्रान्सच्या ‘एग्रेत’वर १९०४ मध्येच ते बसविले गेले होते.

हॉलंड यांना यशाचा उपभोग मात्र लाभला नाही. भांडवलासाठी त्यांनी पेटंटचे हक्क कंपनीच्या हाती दिले होते. १९०४ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले आणि स्वतःच्याच शोधावर त्यांचा अधिकार उरला नाही. १२ ऑगस्ट १९१४ रोजी नेवार्क येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा महायुद्धाला नुकतेच तोंड फुटले होते. सहा आठवड्यांच्या आत जर्मनीच्या एकट्या ‘यू-९’ पाणबुडीने तीन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या. १,४०० हून अधिक नौसैनिक प्राणास मुकले. रॉकेलवर चालणाऱ्या त्या पाणबुडीतही इंजिन व बॅटरी यांचीच जोडी होती.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कलवरी’ही डिझेल-विद्युत पाणबुडीच आहे. बॅटरी कितीतरी पटींनी सुधारली. पण ती भारित करण्यासाठी डिझेल इंजिनाला आजही वरची हवा घ्यावीच लागते.