विश्लेषण : स्पोर्ट्स कार रोजच्या प्रवासात किती ‘ॲव्हरेज’ देते? ‘लोटस’चे जनक कॉलिन चॅपमन यांचे गणित काय होते?

गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ॲव्हरेज किती देते? स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारणेच हास्यास्पद मानले जाते. वेग हवा असेल तर पेट्रोल जाळावेच लागणार, असा सर्वसाधारण समज. पण १९६० मध्ये ब्रिटनमधील ‘द मोटर’ या नियतकालिकाने ताशी १८० किलोमीटर वेग गाठणारी एक दोन आसनी गाडी तपासली, तेव्हा ती गॅलनमागे ४०.५ मैल धावल्याची नोंद झाली. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा. म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला १४ किलोमीटरहून थोडे जास्त. आजच्या अनेक पेट्रोल गाड्या शहरात एवढे देत नाहीत. ती गाडी होती लोटस एलिट, आणि ती बनवणाऱ्या कंपनीचे सर्वेसर्वा होते तिशीतले अभियंते कॉलिन चॅपमन.

पेट्रोलटंचाईतून सुरुवात कशी झाली?

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात ‘रेल्वे हॉटेल’ चालवत. चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. मोटारींचे नव्हे, तर पूल आणि इमारतींचे शास्त्र. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट महत्त्वाची ठरते. विद्यार्थिदशेतच ते विमान चालवायलाही शिकले.

कॉलेज सुरू असतानाच एका मित्रासोबत जुन्या गाड्या घेऊन विकण्याचा जोडधंदा त्यांनी सुरू केला होता. युद्धानंतर ब्रिटनमध्ये नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना भाव होता. पण पेट्रोल रेशनवर होते, आणि १९४७च्या अखेरीस सरकारने खासगी गाड्यांना मिळणारा मूळ कोटाच बंद केला. पेट्रोलच नाही म्हटल्यावर गाड्या घेणार कोण? बाजार कोसळला. चॅपमन यांच्याकडे न खपलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्यांनी ती मोडली आणि हलक्या सांगाड्यावर नवी बांधली. १९४८ मधली हीच पहिली लोटस. पेट्रोलच्या टंचाईत बुडालेल्या धंद्यातून ही कंपनी जन्माला आली, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.

१ जानेवारी १९५२ रोजी ‘लोटस इंजिनीअरिंग’ स्थापन झाली. भांडवल २५ पौंड, तेही हेझलकडून उसने घेतलेले. कारखाना वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात. चॅपमन दिवसा ‘ब्रिटिश ॲल्युमिनियम’मध्ये नोकरी करत आणि रात्री गाड्या बांधत. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि पुढच्या वर्षी नोकरी सुटली.

वजनाचा आणि पेट्रोलचा संबंध काय?

पूल बांधणारा अभियंता प्रत्येक तुळईला विचारतो, तुझ्यावर भार किती आणि तू नसलीस तर काय बिघडेल? चॅपमन हाच प्रश्न गाडीच्या प्रत्येक भागाला विचारत. जो भाग दोन कामे करू शकतो त्याला एकाच कामावर ठेवायचे नाही. जो काहीच करत नाही तो काढून टाकायचा. इतर कंपन्या वेगासाठी मोठे इंजिन बसवत. मोठे इंजिन जड, त्यासाठी सांगाडा जड, मग ब्रेक आणि टायरही मोठे. चॅपमन या साखळीचे उलटे टोक धरत. गाडी हलकी केली की लहान इंजिन पुरते, आणि लहान इंजिनामुळे गाडी आणखी हलकी होते.

रोजच्या प्रवासात याचा फरक कसा पडतो, हे साध्या गणिताने कळते. ७०० किलोंची गाडी सिग्नलवरून निघून ताशी ५० किलोमीटरपर्यंत पोहोचली, की तिच्यात सुमारे ६७ किलोज्यूल ऊर्जा साठते. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते. शहरातल्या वापरात इंजिनाची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर अशा प्रत्येक उचलीला साधारण १० मिलिलिटर पेट्रोल लागते. गाडी १,४०० किलोंची असेल तर २० मिलिलिटर. वाटेत ३० वेळा थांबावे लागले तर एका फेरीत ३०० मिलिलिटरचा फरक, तोही केवळ वजनामुळे. मोठ्या इंजिनाची भर वेगळीच. गर्दीत ते ताकदीच्या अगदी थोड्या भागावर चालते आणि त्याची बरीच मेहनत अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात वाया जाते. सिग्नलला उभे असतानाही ते अधिक पितेच.

मोकळ्या रस्त्यावर मात्र वजनापेक्षा हवा जास्त अडवते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून गाडीचा आकार कसा आहे, याला तिथे किंमत असते.

एलिटमध्ये नेमके वेगळे काय होते?

ऑक्टोबर १९५७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात एलिट पहिल्यांदा दिसली. सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पुन्हा लागू झालेले पेट्रोल रेशनिंग उठून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. तोवर गाडी म्हणजे पोलादी सांगाडा आणि त्यावर चढवलेला पत्रा. एलिटला वेगळा सांगाडाच नव्हता. फायबरग्लासचे तीन मोठे साचे एकमेकांना चिकटवून केलेले कवच हेच तिचे शरीर आणि हाडेही. इंजिन आणि पुढची चाके अडकवण्यासाठी पुढच्या भागात आणि काचेभोवती तेवढे पोलाद. विमान कंपनीत काम केलेल्या फ्रँक कॉस्टिन यांनी हवेच्या दृष्टीने आकारावर हात फिरवला. हवेच्या विरोधाचा तिचा गुणांक ०.२९ सांगितला जातो. त्या काळच्या साध्या गाड्यांचा ०.४ ते ०.५च्या दरम्यान असे.

इंजिन १,२१६ सीसीचे, कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स कंपनीचे. त्याची कुळकथा गमतीची आहे. या घराण्यातले मूळ इंजिन अग्निशमन दलाच्या पंपासाठी बनवले होते. माणसांना उचलून नेता यावे म्हणून ते हलके हवे होते, आणि हलके इंजिन म्हटल्यावर चॅपमन यांची नजर तिकडे जाणारच. ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती. गाडीचे वजन ७०० किलोंच्या आत. आपल्याला अंदाज यावा म्हणून, मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी १,०८९ सीसीची आणि सुमारे ९०० किलोंची होती.

तुलना जग्वारशीही करता येते. ‘द मोटर’नेच १९६१ मध्ये ३.८ लिटरची जग्वार ई-टाइप तपासली, तेव्हा गॅलनमागे २१.३ मैल मिळाले. म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटर. जग्वार कितीतरी अधिक वेगवान होती, हे खरेच. पण कामावर जाता-येताना ताशी २४० किलोमीटरने जाणार कोण? फ्रान्समधील ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एलिटने आपल्या गटात सहा वेळा बाजी मारली. शिवाय कमी इंधनात जास्त काम करणाऱ्या गाडीला तिथे मिळणारे औष्णिक कार्यक्षमतेचे बक्षीसही दोनदा मिळवले. वेगाच्या मैदानावर काटकसरीचे बक्षीस मिळवणारी स्पोर्ट्स कार तशी विरळाच.

मग रोज वापरायला ती सोयीची होती का?

फारशी नाही. इंजिनाचा आणि मागच्या गिअरचा आवाज फायबरग्लासच्या कवचात घुमत असे. ढोलात बसून प्रवास केल्यासारखा. दारांच्या काचा वक्र असल्याने खाली जात नसत. हवा हवी असेल तर काच काढून ठेवायची. लंडनच्या थंडीत हे चालून गेले. शिवाय करांसह किंमत १,९६६ पौंड. १९५९ मध्ये आलेली मिनी ५०० पौंडांच्या आत मिळत होती. वाचलेल्या पेट्रोलमधून हा फरक भरून काढायला आयुष्य पुरले नसते. कंपनीलाही एलिटमध्ये तोटाच झाला. एक हजाराच्या आसपास गाड्या बनवून १९६३ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

कंपनी तरली ती दुसऱ्या वाटेने. सुटे भाग पेटीत घेऊन गाडी घरी जोडली तर ब्रिटनमध्ये खरेदीकर लागत नसे. लोटस सेव्हन अशी पेटीतून विकली जाई. १९६२ मध्ये आलेल्या एलानने एलिटच्या चुका दुरुस्त केल्या. मध्यभागी पोलादी कणा, त्यावर फायबरग्लासचे शरीर, वजन सुमारे ६८० किलो. रोज चालवता येईल अशी हलकी स्पोर्ट्स कार म्हणून पुढे जगभरातल्या कंपन्यांनी एलानकडेच पाहिले. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये काढलेली एमएक्स-५ ही त्याच वाटेवरची.

हलकेपणाची किंमत कुणी मोजली?

शर्यतीच्या मैदानावर चॅपमन यांचे हेच तत्त्व अधिक टोकाला गेले. फॉर्म्युला वनमध्ये त्यांच्या संघाने सात वेळा संघांचे अजिंक्यपद मिळवले. जिम क्लार्क यांनी लोटस चालवत १९६३ आणि १९६५ मध्ये विश्वविजेतेपद पटकावले आणि १९६५ मध्ये इंडियानापोलिसही जिंकले. पण लोटस मोडते, अशी कुजबुज चालकांमध्ये कायम असे. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथील सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. टेलर पुन्हा शर्यतीत उतरू शकले नाहीत. त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले आणि दावा जिंकला.

योखेन रिंट यांचे प्रकरण तर अधिक चटका लावणारे. १९६९ मध्ये स्पेनच्या शर्यतीत गाडीचा पंख कोसळून ते जखमी झाले. त्यानंतर त्यांनी चॅपमन यांना पत्र लिहिले. गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमकुवत भागांना थोडे अधिक वजन देऊन मजबूत केले तरी आपण मागे पडणार नाही, असा त्याचा आशय होता. मागणी काही पौंडांची होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथील सरावात रिंट यांच्या लोटसचा पुढच्या उजव्या बाजूचा ब्रेकचा दांडा तुटला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. अनावश्यक काय आणि आवश्यक काय, ही रेघ चॅपमन ओढत. पण ती चुकली तर गाडीत बसलेला माणूस दुसराच असे.

तेलसंकटात ‘लोटस’चे काय झाले?

खरे तर १९७३चे तेलसंकट म्हणजे चॅपमन यांच्यासाठी आयती संधी. जग हलक्या गाड्या शोधू लागले होते. पण नेमक्या त्याच सुमारास ते उलट दिशेला वळले. एप्रिल १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि पेटीतल्या गाड्यांची करसवलत संपली. सेव्हनचे हक्क कॅटरहॅमला विकले गेले, एलान बंद झाली. १९७४ मध्ये एलिट हे नाव पुन्हा आले, पण चार आसनी, महागड्या आणि टनाहून जड गाडीवर. उत्पादन झपाट्याने घसरले. त्यामानाने १९७६ मध्ये आलेली दोन लिटरची एस्प्रिट हलकी होती, पण ती रोज कामावर नेण्याची गाडी नव्हती.

शेवटची वर्षे डलोरियन प्रकरणाने झाकोळली. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या या मोटार कंपनीच्या गाडीचे अभियांत्रिकी काम लोटसकडे होते, आणि त्यासाठीचे पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपासचे पैसे पनामातील एका कंपनीमार्फत गायब झाले. लोटसचे आर्थिक कारभारी फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षे दिली असती, असे न्यायाधीशांनी नमूद केले. चॅपमन यांना आपली बाजू मांडायची वेळच आली नाही. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ५४. त्याच दिवशी त्यांचा संघ फॉर्म्युला वनच्या गाडीत संगणकनियंत्रित सस्पेन्शनची पहिली चाचणी घेत होता.

आजची ‘लोटस’ किती वजनाची?

मालकी बदलत गेली. आधी अमेरिकेची जनरल मोटर्स, नंतर मलेशियाची प्रोटॉन आणि २०१७ पासून चीनची जीली. १९९६ मधली एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास होती आणि जुन्या हिशेबाला धरून होती. २०२३ मध्ये लोटस भारतात आली, ती इलेत्रे ही विजेवर चालणारी एसयूव्ही घेऊन. वजन सुमारे अडीच टन, म्हणजे साडेतीन एलिस. विजेच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर काही ऊर्जा परत बॅटरीत जाते, त्यामुळे सिग्नलवरचे नुकसान पूर्वीइतके राहिलेले नाही. पण टायर, चढ आणि तो अडीच टनांचा डोलारा हलवण्यासाठी लागणारी बॅटरी यांचा हिशेब वजनावरच ठरतो. गाडीच्या नाकावरच्या बोधचिन्हात चॅपमन यांची ए, सी, बी, सी ही आद्याक्षरे मात्र अजून आहेत.