शकुंतलेच्या गावचा गवई

यवतमाळच्या जुन्या माणसांना मूर्तिजापूर म्हटले की आधी शकुंतला आठवते. दारव्हा, कारंजा करीत ही छोटी गाडी ११३ किलोमीटरची वाट दिवसभर रमतगमत कापायची आणि मूर्तिजापूरला जाऊन विसावायची. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने टाकलेले हे अरुंद रूळ. १९९४ पर्यंत त्यांवर वाफेचे इंजिन धावत होते. पुढे डिझेल आले, आणि मग गाडीच थांबली. मूर्तिजापूरचे नाव आता आपल्याकडे पूर्वीइतके निघत नाही.

पण गाण्याच्या माणसाने हे गाव विसरता कामा नये. याच मूर्तिजापुरात २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे जन्माला आले.

पावसाळा सरून दुर्गोत्सवाचे मांडव उभे राहू लागले की आपल्या जिल्ह्यात गाण्याच्या कार्यक्रमांचे दिवस येतात. चौकाचौकांत फलक लागतात. कुठे नाट्यगीतांची रात्र, कुठे भक्तिसंगीत, कुठे दिवाळी पहाट. या कार्यक्रमांत वसंतरावांचे एखादे तरी गाणे हटकून होते. गाणारा बहुधा तरुण असतो आणि ऐकणाऱ्यांतल्या अनेकांनी वसंतरावांना प्रत्यक्ष पाहिलेले नसते. तरीही गाणे सुरू होताच मांडवातली कुजबूज थांबते. ज्याला जाऊन चार दशके उलटली त्याच्या गाण्यात हे बळ कुठून आले, हे समजून घ्यायचे तर त्याचे आयुष्य पाहावे लागते. ते सरळ रेषेत गेलेले नाही.

आईचे पोर

वसंतरावांना वाढवले ते आईने. मूर्तिजापूर सुटले आणि नागपूर आले. त्या काळात एकट्या बाईने पोराला घेऊन संसार उभा करायचा, ही गोष्ट सोपी नव्हती. गाणे ही तर पोट भरलेल्यांची हौस. तरीही या माउलीने पोराच्या गळ्यातला सूर ओळखला आणि त्याला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकायला घातले. सप्रे गुरुजी विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतले. त्यांच्या नागपूरच्या विद्यालयात वसंताचा एक सहाध्यायी होता रामचंद्र चितळकर. हिंदी चित्रपटसृष्टी ज्यांना पुढे सी. रामचंद्र म्हणून ओळखू लागली, तेच हे. एका गुरूच्या छायेतली दोन पोरे, एक सिनेमाचा राजा झाला आणि दुसरा मैफलीचा.

खरे तर सिनेमाने आधी वसंतालाच बोलावले होते. भालजी पेंढारकरांनी १९३५ च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्याला कृष्ण केले. पण तिथून पुढची वाट सिनेमाची नव्हती. पोरगा पुन्हा गाण्याच्या मागे लागला, आणि या मागे लागण्याला गावाची हद्द राहिली नाही. मामाच्या आधाराने तो थेट लाहोरला पोचला. तिथे पतियाळा घराण्याच्या असदअली खाँ यांनी त्याला मारवा शिकवला. महिनोन् महिने तो एकच राग. आज पंधरवड्यात चार राग शिकवणाऱ्या वर्गांच्या काळात हे ऐकून हसू येईल. पण वसंतरावांचा मारवा ज्याने ऐकला, त्याला त्या महिन्यांचा हिशेब कळतो.

हिशेबाच्या वह्या

लाहोरहून आलेला हा तरुण १९४२ मध्ये पुण्यात नोकरीला लागला. कुठे, तर लष्कराच्या हिशेब खात्यात. घर चालवायचे होते. गाण्यावर घर चालत नाही, हा व्यवहार तेव्हाच्या मध्यमवर्गाला तोंडपाठ होता. आजच्या आईवडिलांनाही तो तितकाच पाठ आहे.

ही नोकरी थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ दोन तपे चालली. दिवसा आकडे आणि उरलेल्या वेळात गाणे. शिकणे मात्र थांबले नाही. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमानअली खाँ, अंजनीबाई मालपेकर, ज्यांच्याकडे काही मिळेल त्यांच्या दारात ते गेले. आणि या सगळ्यांच्याही आधी मनात घर करून बसले होते ते मास्टर दीनानाथ मंगेशकर. विजेसारखी चमकणारी तान, अचानक घेतलेली झेप, पुढची जागा कोणती येईल याचा अंदाजच लागू न देणे, हे दीनानाथांचे धन वसंतरावांच्या गळ्यात उतरले.

पुण्यात मित्रही तसेच मिळाले. पेटीवर पु. ल. देशपांडे आणि गायला वसंतराव, अशा बैठका जमू लागल्या. सकाळी कचेरीत जायचे आहे याचे भान रात्री कुणाला राहत असेल असे वाटत नाही. पण सकाळ व्हायचीच आणि वह्या वाट पाहत असायच्याच. खात्याने तर एकदा त्यांची बदली थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात केली. कुठे पुण्याच्या मैफली आणि कुठे ती सरहद्द! गाणाऱ्या माणसाला श्रोत्यांपासून तोडणे म्हणजे काय, हे तिथे त्यांनी भोगले असणार.

अखेर साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. वय पंचेचाळिशीच्या घरात. इतर गवई त्या वयात नाव कमावून स्थिरावलेले असतात. वसंतराव तेव्हा कुठे पूर्ण वेळ गवई झाले.

घराणे कोणते?

मैफलीत त्यांना आणखी एक प्रश्न अडवत होता. घराणे कोणते? घराणे म्हणजे गुरूकडून शिष्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गाण्याची रीत. गवयाच्या नावापुढे घराण्याचे नाव लागले की जाणकार निर्धास्त होतात. वसंतरावांनी तर अनेक दारांतून माधुकरी आणलेली. एका झोळीत ग्वाल्हेर, किराणा, पतियाळा, भेंडीबाजार आणि त्यावर दीनानाथांची चमक. शिस्तीच्या समीक्षकांना हे पचेना. गाणे फार उड्या मारते, ठुमरी, नाट्यगीत, ख्याल सगळीकडे फिरते, अशा तक्रारी झाल्या. वसंतरावांचे उत्तर ठरलेले होते. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे ते सांगत. वऱ्हाडी माणसाचा हा रोखठोकपणा काहींना झोंबलाही असेल.

या वादाचा निकाल लागला तो मात्र रंगभूमीवर. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे नागपूरचेच. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. नाटकाची गोष्टच मुळी घराण्याच्या अभिमानाची. दरबारी गवई खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले आपली विद्या घराण्याबाहेर द्यायला तयार नाहीत, आणि सदाशिव नावाचा तरुण त्यांच्या घरी राबून, चोरून ऐकून ती मिळवू पाहतो.

यातली गंमत पाहा. वसंतरावांचे स्वतःचे आयुष्य सदाशिवाचे. दारोदार हिंडून, कान देऊन शिकलेला हा माणूस. आणि भूमिका मिळाली ती दार बंद करून बसलेल्या खाँसाहेबांची. ती त्यांनी अशी केली की दोन्ही बाजू एकाच गळ्यातून बोलल्या. विद्येचा गर्वही कळला आणि विद्येची तहानही. ज्यांना शास्त्रीय गाण्याचे वावडे होते, ती माणसे या नाटकामुळे राग ऐकायला शिकली. ख्यालाच्या बैठकीला कधी न गेलेली घरेच्या घरे नाट्यगृहात येऊन बसली. घराण्याच्या चौकशीची गरज मग श्रोत्यांना उरली नाही.

त्यांच्याही गाण्याला कुंपण नव्हते. वा. रा. कांतांची कविता श्रीनिवास खळ्यांच्या चालीत त्यांनी गायिली, ती आजही रेडिओवर लागली की हातातले काम थांबते. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटात ते नायिकेचे वडील झाले. लेकीच्या पाठवणीचे त्यातले त्यांचे गाणे विदर्भातल्या किती मांडवांत वाजले असेल आणि किती बापांनी उपरण्याने डोळे टिपले असतील! त्याच चित्रपटात जावई झालेले सचिन पुढे २०१५ च्या ‘कट्यार’ चित्रपटात खाँसाहेब झाले, हाही एक योगच.

वसंतरावांनी आणखी एक मोलाचे काम केले. नाट्यसंगीत कसे बदलत गेले, हे ते गाऊन आणि बोलून समजावत. केशवराव भोसले कसे गात, बालगंधर्व कसे, दीनानाथ कसे, हे एकाच गळ्यातून ऐकताना श्रोता हसत हसत शहाणा होई. मैफल म्हणजे परीक्षा नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

उरलेली वर्षे

३० जुलै १९८३ रोजी ते गेले, तेव्हा वय होते ६३. नोकरी सोडल्यापासून हाती आली होती जेमतेम सतरा-अठरा वर्षे. वह्यांत गेलेली वर्षे गाण्यात गेली असती तर, हा विचार मनात येतोच. पण दुसरीही बाजू आहे. संसाराचा भार वाहणाऱ्या सामान्य माणसाचे जगणे त्यांनी जवळून पाहिले, जगले. त्यांचे गाणे घरोघरचे वाटते, त्याचे एक कारण कदाचित तेही असेल.

नागपुरात सिव्हिल लाइन्समधले मोठे सभागृह आज त्यांच्या नावाने उभे आहे. दरवर्षी पुण्यतिथीच्या सुमारास दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या वतीने त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह होतो. नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांचे खाँसाहेब पुन्हा रंगमंचावर उभे केले आणि २०२२ मध्ये ‘मी वसंतराव’ या चित्रपटात आजोबाच साकारले. स्मारके झाली, आणि ती व्हायलाच हवीत.

तरीही वाटते, वसंतरावांचे खरे स्मारक आपल्या हातात आहे. मूर्तिजापूरसारख्या गावातला मुलगा गवई झाला, कारण कुणीतरी त्याला गाणे ऐकू दिले, शिकू दिले. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठेही यंदा गाण्याचा कार्यक्रम असेल तर मुलांना घरी टीव्हीसमोर बसवून जाऊ नका, सोबत न्या. ती मध्येच कंटाळतील, आइस्क्रीम मागतील, तुमच्या मांडीवर झोपतील. झोपू द्यावे. शकुंतलेचे रूळ गवतात हरवले तरी त्या वाटेवरच्या गावांत पोरे अजून जन्माला येतात. मांडवातल्या मागच्या सतरंजीवर त्यांपैकी एखादे टक्क जागे असेल.