कोसबाडच्या टेकडीवरील दीपज्योति : कै. ताराबाई मोडक

विश्वनागरिकत्व हा शब्द हल्लीं शाळाशाळांतून पुष्कळदां कानीं पडतो. सर्व पृथ्वी हें एक कुटुंब आहे व त्या कुटुंबांतील प्रत्येकाविषयीं आपलें कांहीं कर्तव्य आहे, ही जाणीव बालवयांतच व्हावी, असें जगांतील शिक्षणवेत्त्यांचें म्हणणें आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें १९४८ सालच्या डिसेंबरच्या १० तारखेस मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्याच्या सव्विसाव्या कलमांत, राष्ट्राराष्ट्रांत आणि निरनिराळ्या वंशांच्या व धर्मांच्या लोकांत सलोखा आणि मैत्री वाढविणें हा शिक्षणाचा एक हेतु सांगितला आहे. पुढें २०१५ सालीं त्याच संघानें जीं ध्येयें ठरविलीं, त्यांतही या शिक्षणाचा नांवानिशीं उल्लेख आहे. हेतु थोर आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो साधावा कसा? नकाशावर देश दाखविले, राजधान्या पाठ करून घेतल्या, ध्वज रंगविले, म्हणजे मूल जगाचें नागरिक झालें काय?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. बोईसर स्टेशनावर उत्तरेकडे जाणाऱ्या गाडींत बसलें, म्हणजे वाणगांव, डहाणू रोड व घोलवड हीं स्टेशनें लागतात. त्या डहाणू तालुक्यांतच कोसबाड नांवाची टेकडी आहे. तेथें एका विदुषीनें आपल्या उतारवयांत हें उत्तर शब्दांनीं नव्हे, तर आचरणानें दिलें. त्यांचें नांव कै. ताराबाई मोडक. त्यांचें चरित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईवडिलांस थोडक्यांत निवेदन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ताराबाईंचा जन्म मुंबईस १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. वडिलांचें नांव सदाशिवराव केळकर व आईचें उमाबाई. हें कुटुंब प्रार्थनासमाजाचें होतें. ज्या काळीं मुलीनें चार बुकें शिकावीं कीं नाहीं याविषयींच घरोघर वाद चालत, त्या काळीं या घरांत मुलीच्या शिक्षणास प्रोत्साहन मिळालें. ताराबाई १९१४ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढें अमरावतीचे वकील मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना प्रभा नांवाची एक कन्या झाली. परंतु संसार सुखाचा झाला नाहीं आणि १९२१ सालीं उभयतां विभक्त झालीं. त्या काळांत अशा स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीनें पाहत असे, हें आमच्या वडील वाचकांस सांगावयास नको. पदरीं लहान मूल, वय अवघें एकोणतीस वर्षांचें, आणि पुढें सर्व आयुष्य पडलेलें! ताराबाई खचून गेल्या नाहींत. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉलची जागा त्यांना मिळाली. मानाचें पद, चांगलें वेतन व राहण्याची उत्तम सोय, असें हें स्थान होतें.

तेथेंच त्यांनीं निवृत्तीपर्यंत नोकरी केली असती, तरी कोणी नांव ठेवलें नसतें. परंतु त्याच काठेवाडांत, भावनगर येथें, गिजुभाई बधेका नांवाचे गृहस्थ एक नवा प्रयोग करीत होते. हे गिजुभाई मूळचे वकील. तरुणपणीं ते पूर्व आफ्रिकेपर्यंत जाऊन आले होते. स्वतःच्या मुलास कसें शिकवावें या विचारांत असतां डॉ. मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीचे ग्रंथ त्यांच्या वाचनांत आले. त्यांनीं वकिली सोडली आणि १९२० सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर उघडलें.

येथें डॉ. माँटेसोरींविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०७ सालच्या जानेवारीच्या ६ तारखेस त्यांनीं रोम शहरांतील सान लोरेंझो नांवाच्या दरिद्री वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. आईबाप कामास गेले म्हणजे दिवसभर जिन्यांवर व गल्ल्यांतून भटकणारीं मुलें तेथें येत. त्यांना न मारतां, न दटावतां, हाताळावयास योग्य साधनें दिलीं असतां तीं आपण होऊन शिकतात, हें डॉ. माँटेसोरींनीं जगास दाखविलें. युद्धें टाळावयाचीं असतील तर आरंभ बालशिक्षणापासून करावा लागेल, असें त्यांचें ठाम मत होतें. पुढें १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या व महायुद्धाचा काळ त्यांनीं येथेंच शिक्षक तयार करण्यांत घालविला.

गिजुभाईंचें काम पाहून ताराबाईंचें मन वेधलें गेलें. १९२३ सालीं त्यांनीं राजकोटची मोठी नोकरी सोडली आणि त्या भावनगरास जाऊन राहिल्या. महाराष्ट्रीय बाई, गुजराती मुलें, आणि पद्धति इटलीची! सुमारें नऊ वर्षें त्यांनीं तेथें काम केलें. १९२६ सालीं गिजुभाईंच्या सहकार्यानें नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाचें संपादनही त्या करीत असत. मग त्या मुंबईस आल्या. दादर येथें १९३६ सालीं शिशुविहार सुरू झालें, आणि मराठी मुलांसाठीं या पद्धतीचें दार उघडलें.

येथपर्यंतचें चरित्र एका यशस्वी शिक्षिकेचें आहे. परंतु ताराबाईंच्या मनास एक शल्य बोंचत होतें. माँटेसोरींची पद्धति जन्मली ती रोमच्या गरीब वस्तींत. पण आपल्याकडे ती येऊन राहिली शहरांतील सुखवस्तु लोकांच्या घरीं. तिचीं साधनें महाग, इमारती टुमदार, मुलें स्वच्छ व नीटनेटकीं. मग ज्यांच्यासाठीं ती प्रथम निघाली, तीं मुलें कोठें आहेत? गांधीजींनीं १९३७ सालीं वर्धा येथें नई तालीमचा विचार देशापुढें मांडला होता. खेड्याकडे पाहण्याची त्यांची शिकवणही ताराबाईंच्या मनांत रुजली होती. अखेर १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, मुंबईंतील स्थिरस्थावर झालेलें काम दुसऱ्यांच्या हवालीं करून त्या समुद्रकांठच्या बोर्डी या गांवीं आल्या आणि त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. याच ठिकाणीं त्यांना अनुताई वाघ ही सहकारिणी मिळाली. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षीं झाला होता आणि अवघ्या कांहीं महिन्यांत त्यांना वैधव्य आलें होतें. त्यांनीं पुढें शिकून शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. ताराबाई व अनुताई यांचें तें गुरुशिष्येचें नातें अखेरपर्यंत टिकलें.

तो काळ या भागांत मोठ्या खळबळीचा होता. जमीनदार व जंगलाचे ठेकेदार यांच्या वेठबिगारीखालीं वारली लोक पिढ्यानपिढ्या भरडले जात होते. त्याच १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं डहाणू व उंबरगांव तालुक्यांत त्या वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. मोठीं माणसें आपल्या मजुरीसाठीं झगडत होतीं. त्यांच्या मुलांस मात्र शाळा म्हणजे काय, हेंही ठाऊक नव्हतें.

बालवाडी उघडली, म्हणून मुलें आलीं असें झालें नाहीं. गांवांतील गरीब वस्तींतलें मूल दाराशीं येऊन उभें राहण्यास देखील बिचकत असे. तेव्हां ताराबाईंनीं ठरविलें, मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या घरीं जावें. कार्यकर्त्या वस्तींत जात, कोणाच्या तरी अंगणांत मुलें जमवीत, त्यांना न्हाऊमाखूं घालीत, केंस विंचरीत, आणि मग गाणीं व खेळ सुरू होत. अंगणांत भरणारी म्हणून ही अंगणवाडी. आज देशाच्या कानाकोपऱ्यांत रूढ असलेला हा शब्द याच कार्यांतून पुढें आला.

साधनांचाही प्रश्न त्यांनीं अशाच रीतीनें सोडविला. परदेशी धर्तीचीं महाग साधनें येथें कोठून आणावयाचीं? मग शिंपल्या, चिंचोके, बिया, पानें, गोटे, माती व बांबू यांचीं साधनें तयार झालीं. लहानमोठें ओळखावयास, मोजावयास, रंगांची पारख करावयास समुद्रकिनारा व रान यांहून मोठें भांडार कोणतें? पद्धतीचें तत्त्व परदेशांतून आलें. तिचें शरीर मात्र या मातींतून घडलें. परक्याचें जें चांगलें असेल तें घ्यावें, परंतु तें आपल्या भूमींत रुजवून घ्यावें, हा धडा येथें शिकण्यासारखा आहे.

पुढें १९५६-५७ च्या सुमारास हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर आलें. आजूबाजूला सर्व वारल्यांचे पाडे. येथें निराळीच अडचण उभी राहिली. आठनऊ वर्षांची मुलगी शाळेंत कशी येणार? तिच्या कडेवर धाकटें भावंड! आईबाप तर पहांटेच कामावर गेलेले. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकाच आवारांत आणून त्यांनीं विकासवाडी उभी केली. तान्हें मूल पाळण्यांत, मधलें बालवाडींत, आणि थोरली बहीण वर्गांत! मुलगे गुरें राखावयास जात. गुरें सोडून ते शाळेंत आले, तर घरचें पोट कसें भरावें? तेव्हां शिक्षकच साहित्य घेऊन कुरणांत जाऊं लागला व तेथें कुरणशाळा भरूं लागली. मुलांवर रागें भरावयाचें नाहीं, आईबापांस दोष द्यावयाचा नाहीं. मूल कां येत नाहीं तें शोधावयाचें आणि ती अडचण दूर करावयाची, अशी त्यांची रीत होती. वारली स्त्रिया तांदळाच्या पिठानें भिंतीवर जीं चित्रें काढतात, तीं आज जगभर वाखाणलीं जातात. ज्या समाजाजवळ अशी कला आहे, तो अडाणी आहे असें मानून त्यास उद्धरावयास जाणें ही चूक होय. त्यांच्याजवळ शिकवावयास जातांना शिकावयासही जावें लागतें.

१९६२ सालीं भारत सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. १९७३ सालच्या ऑगस्टच्या ३१ तारखेस त्यांचें देहावसान झालें. त्यानंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हें नांव गांवोगांव पोंचलें. तें पाहावयास ताराबाई हयात नव्हत्या. कोसबाडचें कार्य अनुताईंनीं १९९२ सालीं त्यांच्या मृत्यूपर्यंत चालविलें.

तथापि सर्व कांहीं सफल झालें, असें लिहिणें खोटें ठरेल. १९९२ सालींच जव्हार भागांतील वावर-वांगणी येथें बालकें कुपोषणानें दगावल्याची दुःखद वार्ता साऱ्या महाराष्ट्रानें ऐकली. ज्या भूमींत अंगणवाडीचा जन्म झाला, तेथून कांहीं कोसांवर मुलें उपाशी मरावीं, ही गोष्ट आपणां सर्वांस खालीं मान घालावयास लावणारी आहे. ताराबाईंनीं रस्ता दाखविला. त्यावरून शेवटच्या पाड्यापर्यंत चालत जाण्याचें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं.

आतां, विद्यार्थी मित्रांनो, आपण आपल्याकडे वळूं. तारापूरची अणुभट्टी अमेरिकेच्या साहाय्यानें उभी राहून १९६९ सालीं वीज देऊं लागली. तेथील औद्योगिक वसाहतींत नाना प्रांतांचे लोक पोट भरावयास आले. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज आपल्या एका बांकावर मराठी, हिंदी, गुजराती, वारली अशा निरनिराळ्या घरबोलीचीं मुलें शेजारीं शेजारीं बसलेलीं असतात. जग आपल्या वर्गांत येऊन बसलें आहे; त्याला शोधावयास जहाजांत बसण्याची गरज नाहीं. पण आम्हांस लाज वाटते ती याची, कीं आमच्यापैकीं पुष्कळांस युरोपांतील राजधान्या तोंडपाठ असतात, आणि शाळेच्या कुंपणापलीकडील पाड्याचें नांव मात्र सांगतां येत नाहीं. एखादा मुलगा बोलीवरून हंसला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून यावयाचाच बंद होतो. चार दिवस त्याची जागा रिकामी दिसते, पांचव्या दिवशीं तेथें दुसरा कोणी बसतो, आणि आम्ही त्याला विसरून जातों.

ताराबाई त्याला विसरल्या नसत्या. हजेरीपटावर ज्याचें नांव नाहीं, तें मूल कोठें आहे, हा प्रश्न त्यांनीं जन्मभर विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या चालत राहिल्या. रोमच्या गल्लींतील मूल व कोसबाडच्या कुरणांतील मूल त्यांना एकच वाटलें. आमच्या मतें विश्वनागरिकत्व म्हणतात तें हेंच.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं सुट्टींत एक दिवस मुलांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर जावें. आणि मुलांनो, तिकडून परत आल्यावर वर्गांतील जी जागा कांहीं दिवस रिकामी आहे, तिच्या मालकाचें घर शोधून काढा. तो कां येत नाहीं, हें त्याच्या अंगणांत बसून प्रेमानें विचारा. या थोर बाईंचें स्मरण याहून चांगल्या रीतीनें कसें करावें, हें आम्हांस तरी सुचत नाहीं.