अजातशत्रूची कबुली

मगधचा राजा अजातशत्रू आपल्या लोकांना बहुधा एवढ्यापुरताच माहीत असतो, की त्याने बापाला मारले. ते खरेच. पण मारल्यानंतर त्याचे काय झाले, ते आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

बाप म्हणजे राजा बिंबिसार, तथागतांचा थोर उपासक. राजगृहाचे वेळुवन त्यानेच संघाला दान दिले. भिक्खूंनी ठरावीक तिथीला एकत्र जमावे, ही सूचनाही त्याचीच. त्यातूनच पुढे उपोसथ आला. उपोसथाला नियम म्हणून दाखवतात, आणि ज्याच्या हातून काही घडले असेल त्याने ते उघड सांगायचे असते. तीनदा विचारूनही जो लपवील, तो जाणूनबुजून खोटे बोलला असे धरतात.

देवदत्ताच्या नादी लागून पोरगा सुरा घेऊन बापावर गेला नि पकडला गेला. बिंबिसाराने काय करावे? राज्यच देऊन टाकले! तरी त्याला कोंडले, उपाशी ठेवले. अट्ठकथा सांगते, की राणी अन्न लपवून न्यायची, तेही बंद केले. ज्या दिवशी अजातशत्रूला मुलगा झाला, त्याच दिवशी बापाची माया म्हणजे काय ते त्याला कळले. सोडा म्हणून हुकूम देईपर्यंत म्हातारा गेलेला होता.

तेव्हापासून राजाला झोप नाही. वाड्यात सगळ्यांना ठाऊक, पण बोलणार कोण? गिरणीत साच्यावर राहिलेला दोष फोल्डिंग खात्यात तरी पकडला जातो. राजाचे कापड तपासणारे खाते कुठले असणार!

कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री तो गच्चीवर बसला होता. मंत्र्यांनी सहा आचार्यांची नावे घेतली, हा गप्पच. शेवटी जीवक वैद्याने त्याला आपल्या आंबराईत तथागतांकडे नेले. तिथे १२५० भिक्खू, आणि साधा खोकलासुद्धा ऐकू येईना. राजा घाबरला. जीवकाने दगा तर केला नाही ना, असे त्याला वाटले. आत जाऊन तो शांत संघ पाहिला, तेव्हा मनात पहिले आले ते आपल्या मुलाचे, उदयभद्राचे. त्याला अशी शांती लाभावी.

बोलणे पुष्कळ झाले. राजाचा एखादा दास भिक्खू झाला तर त्याला परत दास करशील का, हाही प्रश्न निघाला. राजा नाही म्हणाला, उलट उठून वंदन करीन म्हणाला. (हे आपल्या माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) आणि शेवटी, कोणी विचारलेले नसताना, सगळ्या संघासमोर त्याने बापाचा खून कबूल केला.

तथागतांनी कबुली स्वीकारली. यज्ञ नाही, गंगास्नान नाही, दक्षिणा नाही. पण केले ते पुसले, असेही म्हणाले नाहीत. राजा गेल्यावर त्यांनी भिक्खूंना सांगितले, की या माणसाने स्वतःचा घात केला आहे. बापाला मारले नसते तर त्याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभले असते. इथे आम्ही वाचताना दर वेळी थांबतो.

राजा काही साधू झाला नाही. वज्जींवर त्याने स्वारी केलीच. पण महापरिनिर्वाणानंतर अस्थींवर राजगृहात स्तूप बांधला, आणि महाकाश्यपांच्या ५०० भिक्खूंच्या पहिल्या संगीतीला आश्रय दिला. महावंसाप्रमाणे त्याला मारले ते त्याच उदयभद्राने.

भरहुत स्तूपाच्या एका खांबावर हा राजा हत्तीवरून आलेला आणि आसनापुढे वाकलेला कोरला आहे. हा स्तूप १८७३ साली कनिंगहॅमसाहेबांना सापडला. खांब कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. बुद्धगयेच्या यात्रेला जाणाऱ्यांनी जमल्यास तो पाहून यावा.